बाईंना उभं केलं

माणसाचा मेंदू दीड किलोच्या आसपास भरतो. पण कवटीत तो पाण्यावर तरंगत असतो, त्यामुळे त्याला स्वतःचं वजन जेमतेम पन्नास ग्रॅम वाटतं. एवढा मोठा गैरसमज डोक्यात घेऊन आपण जन्मभर वावरतो.

*

झोपलेल्या माणसाच्या पाया पडू नये.

*

उदगीरहून आमच्या निमसोडीला थेट एसटी नव्हती. अजूनही नाही.

*

सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधायचं तर आधी हवा भरावी लागते. रिकामी ट्यूब पाण्यात कितीही बुडवा, ती निर्दोषच असते.

*

भाऊसाहेब कणसे यांच्या सूनबाईंना भूमिती आवडत नाही.

*

जिल्ह्याच्या गावी बाजार गुरुवारी भरतो. त्या दिवशी निमसोडीत कोणी वारलं तर खांद्याला चार माणसं मिळायची पंचाईत.

उभी

दहावी ब. वर्तुळ. स्पर्शिका आणि त्रिज्या. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला मी हात उंच केला. शिंक आली. साधी शिंक. पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, टचकन काहीतरी झालं. ब्लाउजचा हूक तुटला असणार. पदर सावरला. लिहीत राहिले.

कोन काटकोन. सिद्ध झालं.

मग डोकं. मागून कोणीतरी मान धरून खाली ओढतंय. मुलांचे आवाज विहिरीतून.

"बाई, खडू पडला."

वाकले. चूक झाली. वर आले. मोठी चूक झाली. खुर्चीत बसले. तेच. भिंत धरून स्टाफरूम. तिथे बाकावर आडवी झाले.

आडवी

आणि तास संपायच्या आत सगळं गेलं, म्हणजे इतकं साफ गेलं की मी बाकावर पडल्या पडल्या सहामाहीच्या दोन उत्तरपत्रिका तपासल्या, शिपाई ठकूबाईशी तिच्या जावयाबद्दल सविस्तर बोलले, आणि आता घरी जावं म्हणून उठले तर दाराशी पोहोचायच्या आत तेच डोकं, तीच मान, तीच विहीर.

पुढचे काही आठवडे माझं आयुष्य दोन माणसांमध्ये वाटलं गेलं. एक उभी आणि एक आडवी. आडवी बाई तल्लख, हसरी, खाऊन पिऊन सुखी होती. उभ्या बाईला वाक्य पूर्ण करता येत नसे. दुर्दैव असं की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची गाठ आडवीशीच पडे.

आमचे हे, दिगंबरराव, पाटबंधारे खात्यात कारकून. 'गळती' हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा यायचा. माझ्या बाबतीत एकदाही आला नाही.

"कसं वाटतंय?" ऑफिसातून आल्यावर ते विचारायचे.

"छान."

"मग ऊठ की."

"उठलं की दुखतं."

"मग नको उठू."

"आणि शाळा?"

"मग ऊठ."

शेजारच्या गोदाकाकू वाटीभर साय घेऊन आल्या, माझ्या उशाशी टेकल्या, आणि माझा चेहरा नीट न्याहाळून म्हणाल्या, "आमच्या सुनेलाही अगदी हेच होतं गं. स्वयंपाकाच्या वेळेला."

घाटगेसर, आमचे मुख्याध्यापक, मेअखेर निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेनं त्यांच्यानंतर मी होते आणि माझ्यानंतर प्रणिती कणसे, संस्थेचे सचिव भाऊसाहेब कणसे यांच्या सूनबाई. मला ते पद हवं होतं. पुढे मोठ्या मनाची बाई म्हणून माझी जी ख्याती झाली, तिच्यामुळे हे आधीच स्पष्ट सांगून ठेवते. शाळेच्या मुख्य फाटकापासून चौथ्या खोलीत मी सगळी नोकरी काढली होती, आणि आता मला पहिल्या खोलीत बसायचं होतं.

भाऊसाहेब एका दुपारी समाचाराला आले. मी पडलेली होते, म्हणजे माझी तब्येत ठणठणीत होती. त्यांनी सांगितलेल्या एका विनोदाला मी मोकळेपणी हसलेही. त्यांनी ते बरोबर टिपलं.

"बाई, राग मानू नका, पण मी पडलो सरळ माणूस," ते कपबशी खाली ठेवत म्हणाले. "तुम्ही खरंच आजारी असाल, तर एवढ्या मोठ्या शाळेचा भार तुमच्यावर टाकणं हे पाप. आणि आजारी नसाल, तर ही रजा कसली?"

"म्हणजे दोन्हीकडून मी नापास."

"असं कसं म्हणू मी? मी तुमचाच विद्यार्थी." ते माझे विद्यार्थी नव्हते. वयानं माझ्याहून मोठे होते. पण निमसोडीत तसं म्हणायची पद्धत आहे. "जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळापुढे एकदा उभ्या राहा. ते म्हणतील ते मला मान्य."

'उभ्या राहा' असं म्हणणारा तो पहिला माणूस. दुर्दैवानं तो नुसता बोलण्यातला शब्द होता.

उभी (अगदी थोडा वेळ)

डॉक्टर शेटे. माझा सत्त्याऐंशी सालचा विद्यार्थी. बीजगणितात पैकीच्या पैकी. त्याचा दवाखाना.

"बाई! कोणी उभं ठेवलं बाईंना? स्ट्रेचर आणा आधी!"

"अरे, ऐक. उभी राहिले की दुखतं."

"म्हणूनच म्हणतोय. पडा तुम्ही."

आडवी

निमसोडीत आणि जिल्ह्याच्या गावात डॉक्टर होण्याचा रस्ता माझ्या गणिताच्या तासावरून जात असे. त्यामुळे मी जिथे जाईन तिथे डोळ्यांचा डॉक्टर माझा, कान-नाक-घशाचा माझा, रक्त काढणारी मुलगी माझी, आणि फाटकावरचा रखवालदार नववीत तीनदा बसलेला, तोही माझाच. मी प्रत्येकाला सांगत होते की उभी राहिले की दुखतं. म्हणून प्रत्येकानं मला झोपवलं. मग डॉक्टर येईपर्यंत अर्धापाऊण तास जाई, आणि ते पडद्याआडून डोकावून विचारत, "आता कसं वाटतंय, बाई?"

मी खोटं बोलत नाही. "आता काही नाही," मी म्हणे.

शेटेनं मला तपासलं, नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम, आणि मग संकोचून म्हणाला, "बाई, क्षणभर उठून बसता? पाया पडायचंय. झोपलेल्या माणसाच्या पडत नाहीत ना."

मी उठून बसले. तो वाकला. मी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं तेव्हा मान कोणीतरी धरली होती, त्यामुळे 'आयुष्मान' एवढंच निघालं आणि 'भव' राहिला. तो वर बघेपर्यंत मी परत आडवी. आजार त्याच्यासमोर आला होता तो तेवढाच, आणि तेवढा वेळ तो माझ्या पायांकडे बघत होता.

डोक्याचा सीटी स्कॅन झाला. ते मशीन माणसाला आडवं करूनच आत घेतं. फोटो स्वच्छ आला. मायग्रेनच्या गोळ्या झाल्या, पित्ताच्या झाल्या, चष्म्याचा नंबर पाव अंशानं बदलला. कान-नाक-घशाच्या मुलानं सायनसवर वाफ सांगितली. शेवटी शेटे माझ्या यांना बाजूला घेऊन, मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "काका, बाईंना मन रमवायला सांगा. या वयात बायकांना होतं असं. आणि मुख्याध्यापकपदाचं टेन्शनही असेल."

वैद्यकीय मंडळात तीन डॉक्टर होते, त्यांतले दोन माझे. तिथेही पलंग तयारच होता, वर कोरी चादर घातलेली. त्यांनी लिहिलं: तपासणीच्या वेळी कोणतीही तक्रार आढळली नाही. शब्दन् शब्द खरा होता.

तिसरा डॉक्टर माझा नव्हता, त्याला माझी भीडही नव्हती. तो म्हणाला, "मेंदूच्या डॉक्टरांचा अभिप्राय नसेल तर वरून कागद परत येतो. गुरुवारी बिराजदार येतात. त्यांच्याकडे जाऊन या, म्हणजे झालं."

घरी येताना हे गाडी चालवत होते आणि मी मागच्या सीटवर लांब पडले होते.

"बिराजदारांनी काही नाही म्हटलं की संपलं," हे म्हणाले.

"माहीत आहे."

"कणसे रजा बिनपगारी करेल. सेवेत खंड पडला की ज्येष्ठता गेली."

"तेही माहीत आहे."

"मग काय करणार आहेस?"

मी गाडीच्या छताकडे बघत होते. आडवी असले की मला सगळं दिसायचं. "गणित चुकत नाही हो," मी म्हणाले, "मांडणी चुकते." मी अशी बोलायला लागले की ते गाडी जपून चालवत.

आडवी, मग उभी

गुरुवार. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत अर्धी निमसोडी. कोणी मेथीची जुडी काखेत घेऊन, कोणी कोंबडीची टोपली बाकाखाली सरकवून. सिस्टर मंदा ढोले, माझी ब्याण्णवची, तिनं मला दारातून उचलल्यासारखं करून पलंगावर घातलं, वर पंखा लावला, पायांवर शाल टाकली.

डॉक्टर बिराजदार आले. किडकिडीत, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, वय माझ्या पुतण्याएवढं.

"सर, या आमच्या बाई," मंदा म्हणाली.

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या, सर."

"माझ्या नाहीत. मी उदगीरचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला इथं कोणीच शिकवलं नाही बघा, बाई. सांगा काय होतंय."

त्यांनी पडदा ओढला. पडद्याआड आमचं बोलणं झालं. पडदा जाडा होता. तरी बाहेरच्या प्रत्येकाला ते बोलणं ऐकू आलं, असं नंतर प्रत्येकानं सांगितलं.

पडदा सरकला. डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "सिस्टर, यांना उतरवा. बाई, इथं भिंतीपाशी उभ्या राहा. टेकायचं नाही."

बाकांवरच्या माना आमच्याकडे वळल्या.

हे पुढे झाले. "अहो डॉक्टर, तिला उभं राहवत नाही म्हणून तर आलोय आम्ही!"

"म्हणून तर. तुम्ही बसा, काका."

"ती पडेल!"

"मी आहे धरायला. पडल्या तर ते पण बघायचंय मला."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. बाकांवरून 'अरे, अरे' असा आवाज उठला. मंदा एक स्टूल घेऊन धावली. डॉक्टरांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि दाराबाहेर ठेवलं.

मी उभी. भिंत एक वीत मागे. समोर पंख्याखाली कॅलेंडर. थोडा वेळ काही नाही. मग मान. मग ओढ. मग विहीर.

"पाढा म्हणा," डॉक्टर म्हणाले. "एकोणीसचा."

"काय?" हे ओरडले. "बाईंना पाढे विचारता?"

"एकोणीस एके एकोणीस," मी म्हणाले. "एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक."

चोक. कॅलेंडर. एक हत्ती होता त्यावर. की ढग.

"शहात्तर," मागून कोणीतरी हळूच सांगितलं. माझ्याच हाताखालून गेलेलं कोणीतरी.

"कॉपी नको!" डॉक्टर गरजले.

"एकोणीस पंचे पंच्याण्णव. एकोणीस सक. एकोणीस सक."

"एकशे चौदा, बाई," मंदा रडत रडत म्हणाली.

"सिस्टर, बाहेर जा."

एकोणीस सक. आकडा येत नव्हता. त्याची जागा दिसत होती, आकडा नव्हता. पोटातून वर आलं. मी कॅलेंडरकडे बघत ओकले. डॉक्टरांच्या बुटांवर.

तोवर लोक उठले होते. कोंबडीची टोपली, मेथीची जुडी, सगळे तावातावानं बाहेर पडले. ही बातमी गावात पोहोचवायची तर दीडची एसटी गाठायला हवी होती.

आडवी

डॉक्टरांनी मला परत झोपवलं, उशी काढून घेतली, पलंगाची पायाकडची बाजू दोन विटांवर चढवली, आणि बूट धुऊन आले. मी ओकारीबद्दल क्षमा मागितली.

"त्याचं राहू द्या. आता म्हणा."

मी एकोणीसचा पाढा सरळ म्हटला, मग त्यांनी न विचारता एकोणतीसचा म्हटला. ऐकायला हे होते, डॉक्टर होते आणि भिंतीवरचा हत्ती होता. हत्तीच होता तो. अपमान बघायला अर्धा तालुका होता. सिद्धता बघायला कोणी थांबलं नाही.

"मेंदू आणि मणक्याभोवती पाण्याची पिशवी असते," डॉक्टरांनी यांना सांगितलं. "त्या पिशवीला कुठंतरी भोक पडलंय. पाणी गळतंय. झोपलं की मेंदू तरंगतो, उभं राहिलं की खाली बसतो आणि सगळं ओढतो."

"भोक डोक्याला आहे?"

"डोक्याला नाही. पाठीला असणार."

"दुखतं डोकं, भोक पाठीला?"

"गळती खाली असली तरी टाकी वरचीच रिकामी होते ना, काका?"

तेव्हा कुठे आमच्या पाटबंधारेवाल्यांचा चेहरा पालटला. "अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस?" ते मला म्हणाले.

या वेळी सीटीऐवजी एमआरआय काढला, शिरेत औषध सोडून. मेंदूभोवतीचं आवरण फोटोत सगळीकडून चमकत होतं, आणि मेंदू जागा सोडून खाली उतरला होता. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून खूश झाले. आजारी माणसाला बघून डॉक्टर खूश झाला की बरं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. तोवर सगळे मला बघून फक्त हळहळत होते.

भोक नेमकं कुठे ते बघायला पुण्याला जावं लागलं. तिथे कमरेत सुई घालून त्या पिशवीत रंग सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते सीटीवर बघतात.

"म्हणजे गळती शोधायला आधी आणखी एक भोक पाडायचं?" यांनी विचारलं.

"हो," तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

"आमच्या खात्यात अशी निविदा काढली असती तर चौकशी लागली असती."

रंग दोन खांद्यांच्या मधोमध बाहेर आला. मणक्यातून एक नस जिथे निघते तिथे पिशवीचा कोपरा विरला होता, वापरून वापरून विरतो तसा. उपाय असा की माझ्याच दंडातून रक्त काढून पाठीत, पिशवीच्या बाहेरच्या बाजूला सोडायचं. ते गोठतं आणि भोकावर ठिगळ बसतं. पहिलं ठिगळ कमरेतून घातलं. मी पाचसहा दिवस माणसासारखी चालले, आणि मग मोलकरणीनं सोडलेला झाडू सवयीनं वाकून उचलला. ठिगळ गेलं. दुसऱ्या वेळी त्यांनी सीटीत बघत बघत, नेमकं भोकापाशी रक्त आणि एक प्रकारचा डिंक सोडला. मग सक्त ताकीद: वाकायचं नाही, वळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, खोकला आला तर उशी धरायची. पडून राहायचं.

आडवी, सक्तीनं

मी पुण्यात पडले होते तेव्हा निमसोडीत माझ्यासाठी मोर्चा निघाला.

घोषणा मला मंदानं फोनवर ऐकवल्या. 'बाईंचा अपमान, सहन करणार नाही.' 'पाढे विचारणाऱ्या डॉक्टरचा निषेध.' सगळ्यात पुढे भाऊसाहेब कणसे. संस्थेची निवडणूक तोंडावर होती, आणि मतदार कोण? निम्मे माझे विद्यार्थी, निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे बाप.

"मंदा, अगं तसं झालं नाही. पडद्याआड..."

"बाई, तुम्ही बोलू नका! बोललं की प्रेशर येतं. पडून राहा."

मी शेटेला फोन केला. "अरे, त्या डॉक्टरांमुळेच निदान झालं. त्यांनी..."

"बाई, तुम्ही त्या माणसाची बाजू घेताय?" तो म्हणाला. "तुमच्याकडून अजून किती शिकायचंय आम्हाला!"

मग खुद्द बिराजदारांचाच फोन आला.

"बाई, डोकं कसं आहे?"

"जागेवर. तुमचं?"

"माझ्या ओपीडीबाहेर काळ्या फिती लावून बसलेत. एकजण दिवसभर पाढे म्हणतोय. बाराचा चुकतोय सारखा. चहावाल्यानं चहा बंद केला माझा."

"मी आजच पत्रक काढते. सगळं खरं लिहून."

"तुमच्या पदाचा आदेश निघाला का?"

"नाही अजून."

"मग थांबा की. एवढी घाई काय आहे?" मागे कुणाचा तरी बारा सत्ते शहाऐंशी ऐकू आला. "आणि मला इथनं तशी पण बदली पाहिजेच आहे. दोन वर्षं अर्ज करायलोय. लोक हाकलून लावत असतील तर लवकर मिळंल. लातूर मिळालं तर घरून जाऊन येऊन करता येतंय. तुम्ही पडून राहा."

एका माणसानं मला पडून राहायला सांगितलं आणि ते मला पटलं, असं पहिल्यांदाच झालं.

मी घरी आल्यावर भाऊसाहेब आले. शाल, नारळ, मागे सूनबाई, त्यांच्या हातात पेढे.

"बाई, आमच्या मुख्याध्यापिकेला भिंतीशी उभं करतात म्हणजे काय! आम्ही बांगड्या भरल्यात का?"

"भाऊसाहेब, मी अजून मुख्याध्यापिका नाही."

"नाही कसं? अपमान मुख्याध्यापिकेचाच झाला. नुसत्या सहशिक्षिकेचा झाला असता तर एवढा मोर्चा कशाला निघाला असता?" त्यांनी खिशातून आदेश काढून माझ्या छातीवर ठेवला, कारण मी आडवी होते आणि तीच सपाट जागा होती.

मी उशाशी ठेवलेलं मोठं पाकीट पुढे केलं. "हे बघून तर घ्या. एमआरआय, पुण्याचा रिपोर्ट. मला खरोखर काय झालं होतं ते."

"राहू द्या, बाई," ते प्रेमानं म्हणाले. "आता त्याची काय गरज?"

प्रणिती पेढा माझ्या तोंडाजवळ आणून थांबली. झोपलेल्या माणसाला भरवावं की नाही, तिला कळेना. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "खरं सांगू? मला नकोच होतं ते पद. बाबांना कोण सांगणार?" मी पेढा आडव्यानंच खाल्ला.

उभी

जूनमध्ये सत्कार झाला. शाळेचं पटांगण, मांडव, हार. भाषणं लांबली. मी व्यासपीठावर उभी होते, कारण हार घालणारे संपत नव्हते. मान जागेवर होती. आवाज स्पष्ट ऐकू येत होते. शेवटच्या रांगेतली दोन मुलं एकमेकांना चिमटे काढत होती, तेही दिसत होतं. उभं राहून इतकं दिसतं हे मी विसरून गेले होते.

भाऊसाहेब बोलले. त्या निर्दय डॉक्टरची बदली कशी करवली ते त्यांनी सांगितलं. लातूरला पाठवला, म्हणाले, चांगला लांब. टाळ्या.

मग मी बोलले. आदेश हातात होता, बदली झाली होती, लपवायला आता काहीच कारण नव्हतं. मी सगळं सांगितलं, जसं झालं तसं, पडद्याआडच्या बोलण्यासकट. एक वाक्यही गाळलं नाही. बोलणं संपलं तेव्हा पहिल्या रांगेत मंदा पदरानं डोळे पुसत होती. शेटे उठून उभा राहिला आणि मग सगळा मांडव उभा राहिला. टाळ्या थांबेनात.

भाऊसाहेबांनी माईक घेतला. "बघा!" ते माझ्याकडे हात करून म्हणाले. "ज्यानं छळलं, त्याचाही दोष बाई स्वतःवर घेतात. याला म्हणतात मनाचा मोठेपणा!"

त्या गुरुवारी पडद्याआड डॉक्टर बिराजदार म्हणाले होते, "तुम्ही झोपूनच राहा, बाई, मी असंच तपासतो." उभं करा, टेकू देऊ नका आणि पाढा विचारा, असं मी त्यांना सांगितलं.